पिन माहीत आहे, म्हणून पैसे काढायचे?

घरातला कर्ता माणूस गेला की तेरवीपर्यंत पैशाचं कुणी बोलत नाही. बोलू नये असंच आपल्याकडे समजतात. पण खर्च मात्र पहिल्याच दिवसापासून सुरू होतो. गाडी, सामान, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं जेवण, मग तेरवी. घरात रोख असते थोडीशी. आणि बाबांचं एटीएम कार्ड तर समोरच शर्टाच्या खिशात असतं. पिन कुणाला माहीत असतो? तुम्हाला. कारण पैसे काढून आणायला ते नेहमी तुम्हालाच पाठवायचे. फोनपे त्यांच्या मोबाइलवर तुम्हीच टाकून दिला होता, त्याचा नंबरही तुम्हीच ठरवला होता.

मग कुणीतरी म्हणतं, "जा बाबू, काढून आण."

इथे थोडं थांबा. हा लेख याच क्षणासाठी आहे. कारण वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, बँकेच्या कामाला घरातलं शिकलेलं पोरगं किंवा पोरगी म्हणून तुम्हालाच पाठवणार आहेत. मॅनेजर जे सांगेल ते घरी समजावून सांगायचं कामही तुमचंच. आणि कॉलेजात बीए, बीकॉम, इंजिनीअरिंग सगळं शिकवतात. खातेदार गेल्यावर त्याच्या खात्याचं काय करायचं, हे कुणीच शिकवत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट

खातेदार गेल्यानंतर त्याच्या पिनने, यूपीआयने किंवा सही करून ठेवलेल्या चेकने पैसे काढायचा अधिकार कुणालाच नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, नॉमिनीलाही नाही. बाबांनी जिवंतपणी "काढून आण" म्हटलं होतं, ती परवानगी त्यांच्यासोबतच संपली. मुखत्यारपत्र असलं तरी तेही माणूस गेला की संपतं.

"पण पैसे तर आमचेच आहेत ना?" हा प्रश्न बरोबर आहे. पैसे बहुधा तुमच्याच घरात येणार आहेत. पण 'तुमच्या घरात' म्हणजे नेमके कुणाकुणाचे, हे अजून ठरलेलं नाही. तुम्ही काढले वीस हजार, तेरवीला खर्चही केले. सहा महिन्यांनी शेतीच्या वाटणीवरून कुरबूर झाली, आणि कुणीतरी स्टेटमेंट काढलं. मृत्यूची तारीख एक, पैसे काढल्याची तारीख त्यानंतरची. खर्च खराच तेरवीचा होता, हे तेव्हा कुणाला पटवणार? असल्या एका एन्ट्रीवरून प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. कार्ड कपाटात ठेवा, हे सांगण्याचं कारण एवढंच.

दुसरी भीती अशी की, "बँकेला सांगितलं तर खातं बंद करतील." हो, बँक खात्यातले व्यवहार थांबवते. पण पैसे कुठेही जात नाहीत. आणि सांगितल्याशिवाय ते मिळवायचा रस्ताही सुरू होत नाही.

एक खातं याला अपवाद आहे. आईबाबांचं जॉइंट खातं असेल आणि त्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलं असेल, म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, तर आईला त्यातले पैसे मिळतात. मृत्यूचा दाखला देऊन बाबांचं नाव कमी करून घ्यायचं, एवढंच. म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानावर काय छापलंय ते आधी वाचा.

पहिला कागद: मृत्यूचा दाखला

याच्याशिवाय कुठलंच टेबल पुढे सरकत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. नंतरही होते, पण उशिराची फी लागते, परवानगी लागते. वर्षभराच्या वर गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

यात आपल्या जिल्ह्यात हमखास एक घोळ होतो. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे, माणूस राहत होता तिथे नाही. कारंजा तालुक्यातला माणूस नागपूरच्या दवाखान्यात गेला, तर नोंद नागपुरात. सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात गेला, तर त्या हद्दीत. गावात घरीच गेला, तर ग्रामपंचायतीत. त्यामुळे आपल्या गावच्या ग्रामसेवकाकडे चकरा मारण्याआधी हे तपासा. दवाखान्यातून निघताना नोंदीचं विचारून घ्या, आणि नाव, वडिलांचं नाव, तारीख आधारप्रमाणे बरोबर लिहिलंय का ते बघा. 'ज्ञानेश्वर'चं 'न्यानेश्वर' झालं तर बँकेत तेवढ्यावरून परत पाठवतात.

दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. बँक, पोस्ट, विमा, तलाठी, वीज मंडळ, सगळ्यांना लागतो.

नॉमिनी आहे की नाही?

सगळा खेळ या एका प्रश्नावर आहे. पासबुक किंवा एफडीच्या पावतीवर 'नॉमिनेशन रजिस्टर्ड' असं असतं, काही ठिकाणी नावही असतं. नसेल तर शाखेत विचारा.

समजा, समुद्रपूर तालुक्यातलं एक घर आहे. बाबा गेले. मागे आई, यवतमाळला दिलेली ताई, नागपूरला शिकणारे तुम्ही आणि बाबांची आई, म्हणजे आजी. बाबांचं एक बचत खातं सरकारी बँकेत, त्यात १ लाख ४० हजार, नॉमिनी आई. दुसरी एक एफडी सहकारी बँकेत, २ लाख १० हजारांची, नॉमिनी कुणीच नाही.

पहिल्या खात्याचं काम सोपं. दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि आईचं ओळखपत्र. बस. रक्कम कितीही असली तरी नॉमिनीकडून कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट, जामीनदार, हमीपत्र मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २००५ पासून बँकांना सांगून ठेवलंय. कुणी मागितलंच तर नम्रपणे विचारा, "साहेब, हे कुठल्या नियमात आहे, लेखी द्याल का?"

दुसऱ्या खात्यासाठी कागद जास्त लागतात. पण तिथेही लगेच कोर्टात जावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ ला मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे नियम काढले आणि ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली. त्यात नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी सोप्या पद्धतीची मर्यादा ठरवून दिली आहे: सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, इतर बँकांत १५ लाखांपर्यंत. बँकेला वाटलं तर ती यापेक्षा जास्त ठेवू शकते, कमी नाही.

या मर्यादेत असाल तर लागतं ते असं: दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, दावा करणाऱ्यांची ओळखपत्रं, त्यांनी सही केलेलं हमीपत्र, जे वारस दावा करत नाहीत त्यांचं ना हरकत पत्र, आणि वारस कोण कोण आहेत याचा दाखला. हा दाखला नसेल तर कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या, पण स्वतः दावेदार नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापन चालतं. गावातले गुरुजी, ओळखीचे डॉक्टर अशा कुणाचं चालेल का, ते शाखेत आधी विचारा. बाहेरचा जामीनदार आणा, असं या मर्यादेत बँकेने म्हणायचं नाही.

मर्यादेच्या वर रक्कम असेल, मृत्युपत्रावरून वाद असेल किंवा वारसांचंच आपसात जमत नसेल, तेव्हा सक्सेशन सर्टिफिकेटसारखा कोर्टाचा कागद लागू शकतो. त्यासाठी तो माणूस जिथे राहत होता तिथल्या दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. कोर्ट जाहीर नोटीस काढतं, कुणाची हरकत आहे का विचारतं. पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात 'जाहीर नोटीस' छापून येतात, त्यांतल्या काही याच असतात. याला महिने लागतात, वकिलाची आणि कोर्टाची फी लागते.

आणि हो, तलाठ्याकडचा वारस फेरफार वेगळा. तो सातबाऱ्यासाठी, म्हणजे जमिनीसाठी. "फेरफार झालाय ना, मग बँकेत काय अडचण?" असं अनेकांना वाटतं. बँकेला फेरफार पुरत नाही, आणि बँकेच्या कागदांवर सातबारा होत नाही. दोन्ही कामं वेगवेगळी लागतात.

नॉमिनी म्हणजे मालक नाही

आता सगळ्यांत जास्त गैरसमज असलेला भाग. वरच्या उदाहरणात आईच्या हातात १ लाख ४० हजार आले. ते सगळे आईचे झाले का?

कायद्याने नाही. नॉमिनी हा पैसे घेऊन ते खऱ्या वारसांपर्यंत पोचवणारा विश्वस्त. बँकेने त्याला पैसे दिले की बँक मोकळी. वारसांचा हक्क मात्र तसाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये आणि बँक खात्याबाबत २०१० मध्ये हेच सांगितलं. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाबाबत मात्र बरीच वर्षं संभ्रम होता. तो मिटला एका मराठी घरातल्या खटल्यात. भिंतीवरचं 'कालनिर्णय' ज्यांनी घरोघरी पोचवलं, ते ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकीवर काही नॉमिनी नेमलेले होते आणि मृत्युपत्रही होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल आला: नॉमिनी झाला म्हणून कुणी आपोआप मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र यावरच मालकी ठरते. माणूस गेल्यापासून निकालापर्यंत दहा वर्षं.

'विश्वस्त' हा शब्द वर्धेकरांना नवीन नाही. आपल्याकडे जे आहे ते आपलं एकट्याचं नाही, आपण ते सांभाळतोय, ही कल्पना गांधीजींनी मांडली. १९३६ पासून ते इथे सेवाग्रामला राहिले, आणि ही कल्पना जगून दाखवणारे म्हणून जमनालाल बजाजांचं नाव घेतलं जातं. बँकेच्या फॉर्मवरचा नॉमिनीचा रकाना तीच गोष्ट अगदी छोट्या आकारात सांगतो.

मग आपल्या समजा-घरात वारस कोण? मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुषाच्या स्वतःच्या कमाईवर बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांचा सारखा हक्क असतो. हा कायदा हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. म्हणजे आई, ताई, तुम्ही आणि आजी, चौघांचे चार वाटे. १ लाख ४० हजारांतले प्रत्येकी ३५ हजार. ताईचं लग्न झालंय म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. आजीचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण गेलेल्या मुलाच्या पैशांत तिचा हक्क नातवाइतकाच आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांना वेगळे कायदे लागतात, आणि अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, त्यांच्याकडे रूढी बघितली जाते.

बहुतेक घरांत प्रत्यक्षात काय होतं? सगळे म्हणतात, आईलाच राहू द्या. छानच आहे. पण ते सगळ्यांनी समजून म्हटलेलं असावं.

ताईची सही

ना हरकत पत्र म्हणजे "ही रक्कम त्यांना द्या, माझी हरकत नाही, मी मागणार नाही" असं लिहून देणं. आपल्याकडे हा कागद कसा सही होतो, तुम्ही पाहिलं असेल. ताई तेरवीला आलेली असते. डोळे सुजलेले. कुणीतरी कागद पुढे करतं, "इथे सही कर, बँकेचं आहे." ती विचारतही नाही. विचारलं तर 'भावाच्या पैशावर डोळा' असं कुणी म्हणेल, ही भीती.

बँकेची कामं तुम्ही बघणार असाल, तर ही पद्धत बदलणं तुमच्या हातात आहे. सही मागताना खातं कोणतं, रक्कम किती, पैसे कुणाच्या नावावर जाणार, हे तिघांनाही सांगा. ताईला हवं असेल तर ना हरकत न देता तीसुद्धा दावेदार म्हणून फॉर्मवर सही करू शकते, तिचा वाटा तिच्या खात्यात येऊ शकतो. कागद फक्त त्या खात्यापुरताच आहे ना, त्यात शेतीबद्दलची ओळ घुसवलेली नाही ना, ते वाचून घ्या. आजी अंगठा लावणार असेल तर साक्षीदार सोबत न्या आणि तिला तिच्या भाषेत समजावून सांगा. घरात अठराच्या आतला भाऊ-बहीण असेल तर त्याची ना हरकत चालत नाही. त्याच्या वतीने पालक लागतो आणि त्याचा वाटा त्याचाच राहतो.

ही दहा मिनिटं वाचवली तर पुढे दहा वर्षं बोलणं बंद होतं, अशी घरं प्रत्येक गावात आहेत.

पंधरा दिवस, आणि त्यानंतर

सगळे कागद पूर्ण दिल्यावर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, हा नियम आहे. म्हणून अर्ज देताना दोन प्रती करा आणि एकीवर तारखेचा शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" यावर घरी येऊ नका. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? कागद कमी असतील तर कोणते, ते एकदाच सगळे लिहून मागा. म्हणजे दर खेपेला एक नवा कागद, असं होणार नाही. गावातून तालुक्याला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते, हे काउंटरच्या पलीकडे नेहमी लक्षात येतंच असं नाही.

नव्या नियमांत उशिराची किंमतही ठरवली आहे. उशीर बँकेमुळे झाला तर त्या दिवसांसाठी बँक रेटवर आणखी ४ टक्के एवढं तरी व्याज बँकेने द्यायचं. लॉकरच्या बाबतीत उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये. तक्रार आधी बँकेकडेच लेखी करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा रिझर्व्ह बँकेचा टोल फ्री नंबर आहे.

जिल्ह्याजिल्ह्यात बँका वेगळ्या, प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, हा त्रास आपल्याकडे आहेच. ब्रिटनमध्ये मृत्यूची माहिती एकदाच दिली की ती अनेक सरकारी खात्यांपर्यंत पोचवणारी 'टेल अस वन्स' नावाची सेवा आहे. आपल्याकडे सध्या तरी प्रत्येक शाखेत आपणच जायचं. पण दाव्याचे फॉर्म एकसारखे असावेत, शाखेत आणि वेबसाइटवर मिळावेत, हे नव्या नियमांत आलंय.

पासबुकातल्या ४३६ रुपयांकडे बघा

हे खास सांगायचंय, कारण हे बऱ्याच घरांत राहून जातं. बाबांच्या पासबुकात मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापलेले दिसतात का? ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना. मृत्यू कशानेही झाला तरी २ लाख मिळतात. १८ ते ५० वयात यात नाव घालता येतं आणि ५५ पर्यंत संरक्षण चालतं. फक्त नव्याने नाव घातलं असेल तर पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय झालेला मृत्यू धरत नाहीत. २० रुपये कापलेले दिसले तर ती सुरक्षा विमा योजना: अपघाती मृत्यूला २ लाख, वयाची मर्यादा ७० वर्षं. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. दावा त्याच शाखेत करायचा, जिथून पैसे कापले गेले. जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघात विमा असतो, त्याला कार्ड वापरल्याची अट आहे, शाखेत विचारा. एखाद्याच्या खात्यात शिल्लक असते ३ हजार, आणि त्याच पासबुकात २ लाखांचा हक्क दडलेला असतो. खातं 'छोटं आहे, सोडून द्या' म्हणून कुणी टाकून देऊ नये, ते यासाठी.

उलट बाजूही आहे. पेन्शन, पीएम किसान किंवा नमो शेतकरीचा हप्ता मृत्यूनंतरही खात्यात येत राहिला, तर तो आपला नाही. ज्यांचा आहे त्यांना कळवा, नाहीतर पुढे वसुली लागते. पीएम किसानमध्ये जमीन वारशाने आली तर वारसाला अर्ज करता येतो, त्यासाठी आधी फेरफार हवा.

आणि पीककर्ज? आपल्या घरांत हाच मोठा धसका असतो. कायदा असा की, गेलेल्या माणसाचं कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतूनच फेडायचं असतं. वारस त्याच्याकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतेच बांधील असतात. तुमच्या स्वतःच्या पगारावर, आईच्या स्वतःच्या बचत गटातल्या पैशांवर त्याचा हक्क नाही, जामीन म्हणून तुम्ही सही केली नसेल तर. त्यामुळे "कर्ज आहे, बँकेत गेलो तर अडकवतील" म्हणून दूर राहण्यापेक्षा ठेव किती, कर्ज किती, याचा लेखी हिशेब मागा.

शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्राचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात आपला वर्धा होता. पात्र ठरलेल्या घराला राज्य सरकार १ लाखाची मदत देतं, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. म्हणजे त्या घरातल्या पंचवीस-तिशीतल्या बाईला दुःखाच्या पहिल्या महिन्यातच तहसील, बँक, पोस्ट सगळं फिरावं लागतं. तिच्यासोबत जाऊन फॉर्म भरून देणारा शेजारचा एक शिकलेला पोरगा किंवा पोरगी असली तरी केवढा फरक पडतो.

जुनी पासबुकं, हरवलेली नावं

पेटीत देना बँकेचं पासबुक सापडलं? बँक बुडाली नाही. ती एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली. अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेल्या, त्या एप्रिल २०२० मध्ये. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आहे. जुनी पावती घेऊन नव्या बँकेच्या शाखेत जा.

जिल्हा सहकारी बँकेच्या जुन्या पावत्या तर आपल्याकडे घरोघरी सापडतील. २०१२ मध्ये परवान्याअभावी रिझर्व्ह बँकेने वर्धा, नागपूर आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. २०१४ च्या शेवटी केंद्राने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यात या तिन्ही होत्या. मधल्या वर्षांत अनेकांनी पावत्या "गेले पैसे" म्हणून पेटीत टाकून दिल्या. त्यांतले काही ठेवीदार आता नाहीत. पण पावती आहे, वारस आहेत. शाखेत जाऊन विचारायला काय जातं?

खात्यात दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८ हजार २१३ कोटी रुपये होते. ते सरकारजमा झालेले नाहीत. वारसाने त्याच बँकेत दावा केला की परत मिळतात. शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३ पासून सुरू. आपल्या मोबाइल नंबरने नोंदणी करायची, खातेदाराचं नाव टाकायचं, सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख किंवा पत्ता यांपैकी काही. शोध फुकट आहे. पण लक्षात ठेवा, तिथे फक्त दहा वर्षं पडून असलेल्या रकमा दिसतात आणि सगळ्याच बँका नाहीत. बाबा मागच्या वर्षी गेले असतील तर त्यांचं चालू खातं तिथे दिसणार नाही. त्यासाठी पासबुकं, एफडीच्या पावत्या, मोबाइलवरचे बँकेचे मेसेज आणि जुने आयकराचे कागद बघा. बाबांचा नंबर लगेच बंद पडू देऊ नका, कारण कुठल्या खात्यातून काय कापलं जातंय ते त्या मेसेजमधूनच कळतं. फक्त बघायचं, ओटीपी वापरून व्यवहार करायचा नाही.

आणि "तुमच्या वडिलांचा क्लेम पास झाला, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. बँक दाव्यासाठी फोनवर ओटीपी मागत नाही.

आज घरी हे विचारा

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, हे अशुभ कशाला बोलायचं? ते बोलायची हीच वेळ आहे. नॉमिनीचा फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात, तोच न भरल्यामुळे वर पाहिलेली सगळी धावपळ होते. बाबांना सरळ विचारायला जड जात असेल तर "पासबुक द्या, प्रिंट मारून आणतो" म्हणा आणि पहिलं पान बघा.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. एकाच वेळी टक्के वाटून, म्हणजे आईला ५०, ताईला २५, तुम्हाला २५. किंवा एकामागून एक, म्हणजे पहिला नसेल तर दुसरा. लॉकरसाठी फक्त एकामागून एक. लग्न झालं, कुणी गेलं, की फॉर्म बदलून घ्या. लग्नाआधीच्या खात्यावर नॉमिनी म्हणून आजोबा, आणि आजोबांना जाऊन पंधरा वर्षं झालीत, असंही असतं.

एका वहीत लिहून ठेवा: कुठली बँक, कुठली शाखा, खातं कोणाच्या नावाने, नॉमिनी कोण, एफडी कधी संपते, विमा कोणता, कर्ज किती, कुणाला उसने दिलेत. पिन आणि पासवर्ड लिहू नका, त्यांची गरजच नाही. वही कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या, आणि त्यातली एक आई असू द्या.

शेवटचं तुमच्याबद्दल. स्कॉलरशिपसाठी अकरावीत उघडलेलं खातं, पहिल्या नोकरीचा पीएफ, गंमत म्हणून सुरू केलेलं डिमॅट, पाचशेची एसआयपी. गाडीवर वर्धा-नागपूर आपणच रोज करतो. या सगळ्यांवर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे? मोबाइल हातातच आहे, ॲप उघडून बघा. रकाना रिकामा असेल तर आजच भरा, आणि मग बाबांचं पासबुक मागा.